कळवलं गेलं नाही

रहिमतपूर
८ जुलै २०२४

शाझियास दादी मेहरुनबीची दुवा.

परवा तुझा फोन आला तवा तुझ्या बापानं, रसूलनं, तो माझ्या कानाला लावला. तू काय बोललीस ते तुला ठावं आणि अल्लाला ठावं. मला नुसतं घुं घुं ऐकू आलं, भुंगा कानात सोडल्यागत. तवा आता फोन बंद. चौथीपर्यंत शाळा झालीय माझी, तेवढी पुरंल. तू बी कागदावर लिहून धाड आणि अक्षर मोठं काढ.

नोकरी लागली, बरं झालं. सांगलीत पोरींचं वसतिगृह, तुझी खोली मिरजेत, बसनं जाणं-येणं, समदं रसूलनं सांगितलं. पण काम काय, तर म्हणं इंग्रजीत पत्रं लिहायची. नमुना म्हणून एक बापाला मोबाईलवर धाडलं व्हतंस. मी म्हणलं, मराठीत करून दाव. त्यानं कागदावर लिहून दावलं, 'आपला अर्ज विचारात घेतला जाऊ शकला नाही.'

मी म्हणलं, कुणी घेतला न्हाई? तो म्हणतो, आम्मा, तसं लिहीत नसत्यात. मग त्या हापिसात पगार कुणाला देत्यात, इचारून सांग.

गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली आणलीय त्यानं, तिच्यावर बी इंग्रजीत तसंच काय तरी हाय. 'पोटात घेतलं जाऊ नये.' पिऊ नगंस, एवढं म्हणायला बाटलीचं काय जात व्हतं?

हितं समदी बरी हायत. तुझी आई मला वाटीभर भात कमी वाढती आणि म्हणती डॉक्टरनं सांगितलंय. जेवत जा.

दादी


मिरज
१६ जुलै २०२४

दादी, सलाम.

अक्षर मोठं काढलंय. आता 'मुंगळे लिहिलेस' म्हणू नकोस.

तू हसशील, पण हे शिकायला मला मजा येते. इंग्रजी बोलताना माणूस 'मी केलं नाही' असंच म्हणतो. लिहायला बसला की 'मी' जातो आणि 'ते केलं गेलं नाही' होतं. उत्तर मिळालं नाही, परवानगी दिली जाणार नाही, सोय करता आली नाही. आमच्या संस्थेचे एक विश्वस्त वकील आहेत, देवदत्त साहेब. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "हे बघा शाझिया, नकाराच्या वाक्यात माणूस ठेवायचा नाही. माणूस ठेवला की समोरचा त्याचं घर शोधत येतो."

मी नीट बघितलं तर खरंच तसं आहे. होकाराच्या पत्रात 'आम्हाला कळवण्यास आनंद होतो' असं असतं, तिथं 'आम्ही' असतो. नकाराला कुणीच नसतं. मी एका पत्रात 'आम्ही प्रवेश देऊ शकत नाही' लिहिलं होतं, ते साहेबांनी तांबड्या शाईनं बदलून 'प्रवेश दिला जाऊ शकत नाही' केलं. आता मला सांगावं लागत नाही.

इथं सुलाबाई म्हणून आया आहेत, कडेगावकडच्या. मागं-पुढं कुणी नाही, वसतिगृहातच राहतात. पन्नास पोरींच्या वेण्या घालतात आणि एकीचीही वेणी सैल राहत नाही. मला आल्याचा चहा देतात, वर ऐकवतात, "तुमी लय वाळल्याय बाई, घरी कुणी बघंना का?" तुझी आठवण येते मग.

शाझिया


रहिमतपूर
२४ जुलै २०२४

शाझियास दुवा.

ते इंग्रजीचं कौतुक मला सांगू नगंस. तुझे दादा, आमचे मालक, इंग्रजीचं एक अक्षर शिकले नव्हते तरी त्यांना ते येत व्हतं.

पेठेत आपलं बांगड्यांचं दुकान व्हतं तवा त्यांनी पेंटरकडनं पाटी करून घेतली. 'भरलेली बांगडी बदलून दिली जाणार नाही.' निळ्यावर पांढरी. पेंटरनं खाली एक मोर काढला, तो कुणी सांगितला नव्हता. श्रावण लागला की रानातल्या बाया यायच्या. खुरपून खुरपून हात असे की साबणाच्या पाण्यात भिजवून ठेवलं तरी हिरवी बांगडी आंगठ्याच्या मुळाशी अडायची. तुझे दादा हात असा दाबून घ्यायचे की बाईला कळायच्या आत बांगडी मनगटात. मग ती बाई घरी जायची, आणि सांजच्याला परत. सासूला रंग आवडला न्हाई, बदलून द्या. पाटीकडं बोट करून मी बोलायला तोंड उघडायची, तवर हे तिचा हात हातात घेऊन बांगडी उतरवाय लागलेले.

मी म्हणायची, मग पाटी कशाला लावलीया?

तर म्हणायचे, "पाटी न्हाई म्हणती. मी कुठं म्हणतोय? बाईचा हात हातात असताना न्हाई म्हणता येत न्हाई."

असा त्यो माणूस. निम्मा श्रावण बांगड्या बदलण्यात जायचा. दुकान गेलं, आता तिथं मोबाईलची कव्हरं विकत्यात. आजकाल बाया येत्यात, हात पुढं न करता कवर घेऊन जात्यात. माझी बोटं अजून कुणाचं मनगट दिसलं की माप घेत्यात. सव्वादोन, अडीच. ती सवय काय मोडत न्हाई.

तर सांगायचं असं, तुझ्या दादांनी पाटीच्या मागं लपून दिलं. तुझा वकील पाटीच्या मागं लपून काय करतो ते बघ.

सुलाबाईचं कौतुक पुरे. चहा देणारी माणसं कामात ढिली असत्यात.

दादी


मिरज
१२ ऑगस्ट २०२४

दादी, सलाम.

उशीर झाला, रागावू नकोस. इथं जरा गडबड झाली. आठवीतली एक मुलगी, अश्लेषा, जत तालुक्यातल्या मेंढपाळाची, तिच्या पोटात दुखायला लागलं. अपेंडिक्स निघालं. दुसऱ्या दिवशी पहाटे घाईनं दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करावं लागलं. आता बरी आहे, मऊ भात खाते. पण तिच्या घरी वेळेवर कळवलं गेलं नाही. दवाखान्यातून फोन गेला तेव्हा वडील दुपारी आले, तोवर सगळं होऊन गेलं होतं. त्यांनी तक्रार केली.

उत्तर मीच लिहिलं, इंग्रजीत. 'द पेरेंट्स वेअर नॉट इन्फॉर्म्ड इन टाइम, विच इज रिग्रेटेड.' म्हणजे, पालकांना वेळेवर कळवलं गेलं नाही, याचा खेद आहे. देवदत्त साहेबांनी एकही शब्द बदलला नाही. म्हणाले, "तयार झालात तुम्ही."

बाकी ठीक.

शाझिया


रहिमतपूर
१९ ऑगस्ट २०२४

शाझिया,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा नव्हता, दुसऱ्यांदा चष्मा लावून वाचलं, तरी माणूस दिसला न्हाई.

वकिलासाठी लिहिलंस ते लिहिलंस. मला कशाला तसं लिहितीस? 'तिच्या घरी वेळेवर कळवलं गेलं नाही.' मी काय जतची हाय? मी तुला न्हाऊ-माखू घातलंय. लहानपणी दूध सांडायचं तवा तू 'दूध सांडलं' म्हणायचीस आणि हात पाठीमागं धरायचीस. तुझे हात मला हितनं दिसत्यात.

कुणी कळवलं न्हाई? ती तुझी सुलाबाई झोपली व्हती का? का तू?

आणि एक सांग. ज्या माणसाची पोर ऑपरेशनच्या टेबलावर एकटी पडली, त्याला इंग्रजीत लिहिलंत? त्यो मेंढरामागचा माणूस. त्यानं ते कुणाकडनं वाचून घेतलं असंल, वाचणाऱ्यापुढं किती येळ उभा राहिला असंल, कुणाच्या डोक्यात आलं का?

दादी


मिरज
३० ऑगस्ट २०२४

दादी,

तुझ्या पत्राचा राग आला म्हणून आठवडाभर लिहिलं नाही. मग कळलं की राग तुझ्यावर नव्हता.

सांगते. त्या दिवशी दुपारपासून अश्लेषाला दुखत होतं. मी तिला बघितलं, अंग गरम होतं. घरी फोन करणं हे ऑफिसचं काम, म्हणजे माझं. तिच्या वडिलांचा फोन लागेना, ते मेंढरं घेऊन लांब होते. घरच्या फोनला रेंज यायची-जायची. माझी मिरजेची बस सुटत होती, पुढची तासाभरानं आणि पाऊस. मी सुलाबाईंना म्हटलं, "घरी फोन लावत राहा आणि कळवा." आणि निघाले. सुलाबाई म्हणतात, मी लावला, लागला, सांगितलं. वडील नानासो म्हणतात, आम्हाला कुणी काही कळवलं नाही. दोघांतलं कुणीतरी खोटं बोलतंय.

काल नानासो पुन्हा आले. माझं पत्र त्यांच्या खिशात घडी पडून मऊ झालं होतं. जतमध्ये औषधाच्या दुकानदाराकडून त्यांनी ते वाचून घेतलं. त्यांनी ते टेबलावर पसरलं आणि देवदत्त साहेबांना शांतपणे म्हणाले, "साहेब, कळवलं न्हाई असं लिव्हलंय. ते तर मला ठावंच हाय. कुणी कळवलं न्हाई, तेवढं सांगा. माझी लेक तुमच्यात ठिवायची का न्हाई ते मला ठरवायचंय."

साहेब म्हणाले, योग्य ती कारवाई केली जाईल. नानासो गेल्यावर बैठक झाली. वाक्यात माणूस नव्हता, तर त्यांनी एक शोधला. सुलाबाईंना गणपतीनंतर कामावरून काढायचं. पत्र मी लिहायचं. 'त्यांच्या सेवेची यापुढे आवश्यकता भासत नाही.' दादी, त्यांना दुसरं घर नाही. त्यांची खोली म्हणजे इथल्या जिन्याखालची जागा.

मला वाटतं त्यांनी फोन केलाच नसेल. विसरल्या असतील. पण माझं नाव कुणी घेतलं नाही आणि मीही घेतलं नाही.

शाझिया


रहिमतपूर
४ सप्टेंबर २०२४

शाझियास दुवा.

मी सांगितलं नव्हतं? सुलाबाई थापा मारती. पन्नास पोरींच्या वेण्या घालून बाई बसली असंल भिंतीला टेकून आणि लागला असंल डोळा. मग आता फोन केला म्हणायला काय जातंय. असल्या बाया मी दुकानात लय बघितल्या. बांगडी आपल्या हातानं आपटायच्या आणि म्हणायच्या, कच्चीच व्हती.

तुझी नोकरी नवी हाय. सांभाळ. बापाच्या गुडघ्यात पण आता जोर न्हाई. त्या बाईला काढायचं ठरलंय तर पत्र लिही.

फकस्त एक कर. 'आवश्यकता भासत नाही' असं लिहू नगंस. साधं मराठीत लिही. 'सुलाबाई, तुम्ही फोन केला न्हाई म्हणून मी तुमाला काढते. शाझिया.' घरी बसून लिहून बघ. हात चालला तर धाड आणि गप झोप. न चालला तर माझ्याकडं कशाला इचारतीस?

पाऊस उघडला का तिकडं? हितं ओट्यावर शेवाळ झालंय.

दादी


सांगली
१० सप्टेंबर २०२४

दादी, सलाम.

लिहून बघितलं. 'मी तुम्हाला काढते'पर्यंत पेन आलं आणि पुढं जाईना. मुली गणपतीला घरी गेल्यात, वसतिगृह रिकामं आहे. म्हणून आज जिन्याखाली सुलाबाईंच्या खोलीत जाऊन बसले. त्या मुलींच्या तुटक्या रिबिनी निवडत होत्या.

मी म्हटलं, "सुलाबाई, खरं सांगा, फोन लागला होता?"

"व्हय की. म्हातारीनं उचलला. पोरीची आज्जी. मराठी जरा कानडी वळणाची बोलती."

"मग काय बोललात?"

"सांगितलं की."

"काय सांगितलं? शब्दाला शब्द सांगा."

त्यांनी रिबिनी खाली ठेवल्या. म्हणाल्या, "म्हणलं, आज्जी, पोरीला तुमची लय आठवण येती, डोळ्यांत पाणी काढती. सवड काढून येऊन जावा, लवकर आलासा तर बरं."

"आणि पोटात दुखतंय, ताप आहे, ते?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी काहीतरी वंगाळ बोलल्यासारखं. मग म्हणाल्या, "बाई, दिवेलागण झाली व्हती. फोन लागला तवाच दिवे लागले. दिवेलागणीला कुणाच्या दारात आजाराचं नाव काढत्यात का? तिकडं म्हातारी दिव्याला हात जोडत असंल आणि मी म्हणू, तुमची पोर आजारी हाय?"

त्यांना वाटलं, आठवण येते म्हटल्यावर कुणालाही समजतं. त्यांच्या गावात समजतं. त्या रात्रभर फाटकाकडं बघत बसल्या होत्या, येतील म्हणून. कुणी आलं नाही याचं त्यांना अजून नवल वाटतंय.

आता मी काय लिहू? त्यांनी कळवलं, असं लिहिलं तर खरं आहे. कळवलं नाही, असं लिहिलं तरी खरं आहे. आणि पत्र सोमवारपर्यंत द्यायचंय.

शाझिया


रहिमतपूर
१३ सप्टेंबर २०२४

शाझियास दुवा.

सुलाबाईबद्दल मी जे लिहिलं ते चुकलं. ती झोपली नव्हती. पुढं वाच.

माझं लगीन होऊन वरीस झालं असंल. दुकानातच व्हते. सांज झालेली. माझा भाऊ दस्तगीर कोरेगावासनं सायकल मारत आला. बारीक पोर, घामानं भिजलेलं. पाणी प्याला, तुझ्या दादांशी बोलला, बांगड्यांच्या तोरणाला हात लावून बघितला. मग मला म्हणला, "आपा, अब्बांना जरा बरं न्हाई. सवडीनं ये म्हणाल्यात."

दुसऱ्या दिवशी पाटलांच्या घरी लगीन व्हतं. नवरीचा चुडा माझ्याकडनंच भरायचा ठरलेलं. दस्तगीर हसून बोलला तवा मला वाटलं, सर्दी-पडसं असंल. सकाळी चुडा भरला, नवरीची आई म्हणली जेवून जा, जेवले. वाटेत बाजारात संत्री घेतली, अब्बांना आवडायची. दुपारच्या एस्टीनं गेले. गल्लीत वळले आणि आमच्या दारात चपलांचा ढीग दिसला. मला कुणी काय सांगितलं न्हाई. चपलांनी सांगितलं. अब्बांना कवाच घेऊन गेले व्हते. रातभर माझं नाव घेत व्हते, म्हणं.

संत्र्यांची पिशवी त्या चपलांतच ठिवली का घरात नेली, ते आजपावतर आठवत न्हाई.

आईनंच दस्तगीरला शिकवून धाडला व्हता, सरळ सांगू नगंस, सांजचं पोरगी घाबरंल. तिची माया. त्याला मी कवा बोलले न्हाई, बोलणार बी न्हाई, आता त्योबी गेला. पण मी अब्बांचं तोंड बघितलं न्हाई ते त्या मायेपायी. सुलाबाईला लबाड म्हणता येत न्हाई. तिचं बरोबर हाय, असंबी म्हणता येत न्हाई. तुझ्या वकिलाचं सोड, त्याला माया बी न्हाई.

नानासोला इंग्रजीतनं न्हाई, मराठीतनं लिही. कुणी काय केलं आणि कुणी काय केलं न्हाई, नाव घालून. पहिलं नाव तुझं घाल. नोकरी गेली तर घरी ये. तुझी आई तुलाबी भात कमी वाढंल, दोघी मिळून भांडू.

दादी


मिरज
५ ऑक्टोबर २०२४

दादी, सलाम.

लिहिलं. साहेबांना न दाखवता पोस्टात टाकलं. तुला नक्कल पाठवते.

'श्री. नानासो यांस. मी शाझिया मणियार, वसतिगृहाच्या ऑफिसात काम करते. अश्लेषाला दुखत होतं ते मी बघितलं. तुम्हाला कळवणं माझं काम होतं. मी ते केलं नाही. मला बस गाठायची होती. मी ते सुलाबाईंवर टाकलं. सुलाबाईंनी फोन लावला. तुमच्या आईंनी उचलला. दिवेलागण झाली होती म्हणून सुलाबाईंनी आजाराचं नाव घेतलं नाही. अश्लेषाला आठवण येते, लवकर या, असं त्या म्हणाल्या. काय बोलायचं ते मी त्यांना सांगून गेले नव्हते. संस्था सुलाबाईंना काढणार आहे. ते पत्र मी लिहिलेलं नाही.'

मग रोज वाट बघितली. साहेब रोज विचारायचे, सुलाबाईंचं पत्र कुठाय, मी रोज सांगायचे, झालं नाही. बघ, मीही लपलेच थोडी.

परवा दुपारी नानासो आले, आणि त्यांच्यामागं एक म्हातारी, डोक्यावरचा पदर सावरत. त्यांची आई. ते तिला अव्वा म्हणतात. नानासोंनी पत्र घरात मोठ्यानं वाचलं होतं. इंग्रजी पत्र आलं तेव्हा तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. हे वाचल्यावर ती चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "मला सांगलीला ने."

साहेबांनी खुर्ची दिली. ती बसली नाही. म्हणाली, "फोन आल्ता. हौद, व्हय. मी घेतला. सुलाबाईनं सांगितलं."

साहेब म्हणाले, "आठवण येते, एवढंच सांगितलं ना?"

"लवकर या म्हणली. सांजच्याला लवकर या म्हणल्यावर कळत न्हाई व्हय? मला कळलं की पोरीचं काय तरी बिघडलं."

"मग तुम्ही मुलाला सांगितलं का नाही?"

म्हातारीनं पदर पुन्हा सावरला. मग म्हणाली, "मी दिवा लावत होते."

मला वाटतं, साहेबांना ते उत्तर नीट कळलं नाही. नानासो खाली बघून म्हणाले, "रातीला मी आलो तवा म्हणली, उद्या सांगलीला जाऊन ये, पोरगी वाट बघती. मी म्हणलं, शनिवारी बाजाराला जाईन तवा जातो. मला काय ठावं?" मग आईकडं वळून, "अव्वा, मला सरळ सांगायचं व्हतंस गं."

"सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "तोंड उघडलं न्हाई."

सुलाबाई दारात उभ्या होत्या. म्हातारी त्यांच्याकडं गेली. दोघी कानडी-मराठीत काहीतरी पुटपुटल्या आणि सुलाबाई तिला चहाला घेऊन गेल्या. नानासोंनी मला म्हटलं, "बाई, तुमी बस गाठली ते बरं केलं न्हाई." मी म्हटलं, "नाही केलं." एवढंच. अश्लेषाला त्यांनी इथंच ठेवलंय. लेखी दिलंय, सुलाबाईंना काढलं तर पोरगी नेईन.

सुलाबाई राहिल्या. माझ्याकडचं पत्रांचं काम काढलं. उद्यापासून मी धान्याच्या कोठीवर. साहेब मला म्हणाले, "परवानगीशिवाय असं पत्र पुन्हा पाठवलं जाणार नाही." मी विचारलं, "कुणाकडून, साहेब?" त्यांनी फाईल पुढं ओढली. पण एकदा हसायला आलं होतं त्यांना, मी बघितलं.

दसऱ्याला येत नाही, कोठीचा ताबा घ्यायचाय. दिवाळीत येते, मुली घरी गेल्या की. तू बरी आहेस ना?

शाझिया


रहिमतपूर
१० ऑक्टोबर २०२४

शाझियास दादीची दुवा.

हे पत्र डाकेनं न्हाई. शेजारची सून मिरजेला माहेरी चाललीय, तिच्या हाती देतीय. तुझ्या बापाला ठावं न्हाई.

तुझं वाचलं. जतच्या म्हातारीचं वाचून जरा येळ कागद बाजूला ठिवला. तिला भेटायला पायजे व्हतं. आमचं जमलं असतं.

आता माझं. सोमवारी मी ओट्यावर पडले. शेवाळावरनं पाय सरकला. रसूलला सांगत व्हते ओटा घासून घे, त्यानं घासला न्हाई, आणि मी माहीत असून गेले. मांडीचं हाड मोडलंय. साताऱ्याच्या दवाखान्यात गुरुवारी, सतरा तारखेला ऑपरेशन करणार हायत. डॉक्टर तुझ्या बापाला बाहेर नेऊन बोलला. मला ऐकू येत न्हाई तर बाहेर कशाला न्यायचं? तवाच समजले.

तुझ्या बापानं आणि आईनं ठरवलंय, शाझियाला कळवायचं न्हाई, तिची नोकरी आधीच अडचणीत हाय, दिवाळीला येईलच. त्यांची माया. चिडू नगंस त्यांच्यावर.

मी कळवतीय. आता सांज झालीय, तुझी आई दिवा लावाय गेली म्हणून लिहाय सापडलं. दादीला तुझी आठवण येती, असं मी लिहिणार न्हाई. हाड मोडलंय, लय दुखतंय, आणि रातीला मला भ्या वाटतं.

बुधवारच्या आत ये.

मेहरुनबी